कंट्रोलरची बेटं

बोट निघाली आणि माझी पोरगी बोटीत होती. मी खडकावर, मधे पाणी.

आधी एवढंच अंतर होतं की हात लांब केला असता तर बोटीची कड हाताला लागली असती. मग तेवढं राहिलं नाही. मी धावत पाण्यात गेले, गुडघ्यापर्यंत, खडकावर शेवाळ होतं, पाय सटकला आणि मी बसलेच, आणि उठून उभी राहीपर्यंत बोटीने तोंड वळवलं होतं. मी ओरडले. म्हणजे तोंड उघडलं होतं हे आठवतं, आवाज निघाला का नाही ते आजही सांगता येत नाही, कारण त्या डिझेल इंजिनाच्या फटफटीत माणसाला शेजारच्याचं ऐकू येत नाही. पोरगी एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर झोपलेली. त्या बाईचं नाव मला माहीत नव्हतं, ती कुठे उतरणार ते माहीत नव्हतं.

आणि माझ्या मागे खडकावर उभ्या माणसाने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि समाधानाने म्हटलं, "गाडी बराबर टायमवर निंघनी."

बोट त्यांनीच सोडली होती.

ते आमचे घरमालक. सारंगखेड्याला तापीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं घर, पुढच्या खोल्या त्यांच्या, मागची एक आमची भाड्याने. गाव त्यांना कंट्रोलर म्हणे, मी आबा म्हणायची. सगळी नोकरी बस स्टँडवर गेली. खिडकीत बसून कोणती गाडी कधी लागणार, कधी सुटणार ते भोंग्यावर सांगायचं, आणि सांगितलं तसं ड्रायव्हरकडून करून घ्यायचं. धडगावला होते, नंदुरबारला होते, शेवटी विसरवाडीला, हायवेवर. जन्मभर गाड्या सोडल्या आणि स्वतः कुठे गेले नाहीत. समुद्र बघितलेला नव्हता. बायको वारल्यावर एकटेच, भाकरी मी करून द्यायची.

आणि ह्या माणसाला जायचं होतं जावा, बाली, लोंबोक, सुंबावा, फ्लोरेस. इंडोनेशियात. आगीचे डोंगर असलेली बेटं, एकामागे एक पाण्यात मांडलेली, आणि एका बेटावरून दुसऱ्यावर बोटीने जायचं. विमान फक्त मुंबईहून तिथपर्यंत. पुढे नाही. पुढे सगळं बोट, बस, बोट, बस.

मग मी त्या खडकावर काय करत होते? तर परीक्षा घेत होते. त्यांची मुलगी नाशिकला शिक्षिका आहे, मी तिला ताई म्हणते, तिकीट तीच काढणार होती, आणि ती काढत नव्हती. तिने मला फोन करून सांगितलं, "बाबा कधी होडीत बसलेले नाहीत. ते म्हणतात आधी नर्मदेवर ट्रायल घेतो. तू सोबत जा. त्यांचा हात सोडू नकोस, आणि नीट बघ, त्यांना एकट्याला जमणार आहे का. तू हो म्हटलंस तर मी तिकीट काढते. तू नाही म्हटलंस तर विषय संपला." मी आश्रमशाळेत आठवीपर्यंत गेलेली, मला कोणी कधी असं काही विचारलं नव्हतं. मी हो म्हणून बसले.

ट्रायल हा त्यांचाच शब्द. नवीन मार्गावर गाडी सुरू करायची तर आधी रिकामी गाडी नेऊन बघतात, घाट कसा आहे, वळणं कशी, कुठे थांबता येतं. तसं ते करणार होते.

त्यांचा आवाज म्हणजे नाकातला, भोंग्याचा, घरातही तोच. माझा नवरा पपईच्या ट्रकवर असतो, दिल्लीकडे गेला की कितीतरी दिवस परत नाही. तो पिशवी घेऊन दारात आला की हे ओट्यावरून सुरू, "शहादा, शिरपूर, इंदूर मार्गे दिल्लीला जाणारी पपई गाडी सुटण्याच्या मार्गावर आहे. प्रवाशांनी आपापल्या बायकोचा निरोप घ्यावा." गल्ली हसायची. नवरा खाली मान घालून निघायचा, माझ्याकडे बघायचाही नाही. माझ्या पोरीला ते फुकट पॅसेंजर म्हणायचे. सकाळी दारात यायचे, "फुकट पॅसेंजर उठना का नई अजून?"

पावसाळ्याआधी आम्ही खोलीला चुना मारला. दुसऱ्या दिवशी ते कोळसा आणि रंगीत खडू घेऊन दारात.

"बेटा, हाई भिंत माले दे."

भिंत त्यांचीच, मी काय देणार. त्यांनी खाटेपासून शेगडीपर्यंत बेटं काढली. जावा खाटेच्या वर, फ्लोरेस शेगडीच्या वर, आणि मधली मधे. लाल खडूने डोंगर, निळ्याने बोटीचा रस्ता. प्रत्येक बेटावर स्टँड काढला होता, फलाटासकट. शेगडीजवळच्या बेटांवर फोडणीचा धूर बसून ती काळी पडली तर मी पुसायला गेले, तर म्हणे राहू दे, तिथे असंच असतं.

मी पीठ मळायला बसले की ते उंबऱ्यावर बसून मला विचारायचे.

"बाली-लोंबोकनी बोट चुकनी. काय करशी?"

"पुढली धरसू."

"आन सुंबावाहून फ्लोरेसनी चुकनी तं?"

"तं मुक्काम."

"शाबास. तठे रोजनी एकच शे." आणि मग नेहमीचं, "पहिले चुकेल गाडीना इचार, मंग धरेल गाडीना."

माणसं प्रवास ठरवतात तर काय बघू, काय खाऊ, कुठे फोटो काढू. ह्यांनी आधी सगळ्या चुकणाऱ्या बोटी मांडल्या. कोणती चुकली तर कुठे बसायचं, कोणत्या भिंतीला पाठ टेकायची, पोट कशाने भरायचं. टूरवाल्यांबरोबर जा, असं ताई म्हणाली तर ते चिडले. टूरवाले सगळी जोडणी स्वतः करतात, मग मी काय फक्त बसून राहू.

शेजारी खोगीर शिवणारे चाचा राहतात, घोड्यांच्या यात्रेवर त्यांचं वर्ष निघतं. ते मुद्दाम ओट्याशी थांबायचे.

"कंट्रोलरसाब, लोग आग देखके भागते. तुम टिकट निकालके जाते?"

"चाचा, तुमना घोडाले लगाम शे तशी मन्हा डोंगरले टाइम टेबल शे."

"डोंगर को किसने बोला टाइम टेबल?"

"नई बोलं. म्हनून तं देखाले जाई ऱ्हायनू."

बोट लागते का, म्हणजे मळमळतं का, हे बघायला ते अंगणातल्या झोक्यावर बसायचे. नुसते नाही, पाठीवर पिशवी अडकवून, डोळे मिटून, आणि मला म्हणायचे जोरात हलव. मी एका हाताने झोका द्यायची, एका हाताने पोरगी धरायची. येणारा जाणारा विचारायचा, "कंट्रोलर, कथा पोचना?" ते डोळे न उघडता, "बालीले. चढउतर चालू शे." तिथे भाकरी मिळणार नाही म्हणून त्यांनी तीनही वेळ भात खायचा ठरवला. सकाळी खाल्ला, दुपारी खाल्ला, संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभे. मी भाकरी दिली. ती उभ्यानेच खाल्ली आणि मला तिकडच्या भाषेत म्हणाले, "तेरिमा कासी." म्हणजे धन्यवाद. ते फोनवर ऐकून शिकले होते, दूधवाल्यालाही तेच.

मला सारखं वाटायचं, ह्या माणसाला तिथे नक्की काय पाहिजे. एकदा विचारलंच. आबा, तिथे जाऊन काय करणार?

म्हणे, "हात लावसू."

"कशाले?"

"जमीनले. गरम लागस का देखसू. मंग वापस."

एवढंच. मला हसू आलं आणि मग हसू गेलं, कारण ते हसत नव्हते. मग त्यांनी सांगितलं. धडगावला असताना एक कॉलेजचे सर गाडीची वाट बघत खिडकीशी उभे होते. बोलता बोलता त्यांनी चपलेचा अंगठा फलाटाच्या काळ्या दगडावर आपटला आणि म्हणाले, हा दगड एके काळी पातळ होता, उकळत होता, हा सगळा सातपुडा, हा सगळा खानदेश असाच वाहत आला आणि निवला. कंट्रोलर ऐकत बसले. इतके ऐकत बसले की समोरची गाडी सोडायची राहिली. ड्रायव्हर हॉर्न मारून मारून दमला. आणि सर त्याच गाडीने निघून गेले, पुढचं सांगायचं राहूनच गेलं.

"नोकरीमा तेवढीच एक गाडी मन्हा हातून लेट गई," ते म्हणाले. "बेटा, आपला डोंगर म्हंजे निवेल भाकर शे. माले तव्यावरनी देखनी शे."

तेव्हापासून मलाही डोंगराकडे बघायची सवय लागली. माझ्या आईचं गाव नर्मदेकाठी होतं. धरणाचं पाणी चढलं तसं गाव खाली गेलं आणि आम्ही शहाद्याकडे वसाहतीत आलो, मी तेव्हा आईच्या कडेवर. डोंगराचे शेंडे तेवढे पाण्याबाहेर राहिले. आई सांगायची, तिथे वर आम्ही शेळ्या न्यायचो, आता तिथे चहूकडून पाणी. मी ते कधी बघायला गेले नव्हते. मला पाण्याची भीती वाटते, तापीच्या पुलावरून जाताना मी डोळे मिटते. पण कंट्रोलर म्हणाले, अरे, म्हणजे बेटंच की ती, दगडही तोच, आणि बसने एका दिवसात पोचता येतं. मला पहिल्यांदा वाटलं की बघावं.

दिवाळी झाल्यावर गेलो. पाणी भरलेलं असतं तेव्हा. सारंगखेडा, शहादा, तिथून घाट चढून धडगाव, सगळं त्यांच्या घड्याळाप्रमाणे. धडगावला मात्र त्यांचं बिनसलं, कारण तिथून नदीकडे उतरणारी जीप वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. ते जीपवाल्याला विचारून राहिले, टाइम काय. तो म्हणे, भरू द्या. हे म्हणे, भरायची वेळ काय. जीपवाल्याला वाटलं साहेब कोणी सरकारी आहे, त्याने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. जीप भरली, टपावर माणसं बसली, मागे लटकली, तेव्हा निघाली. कंट्रोलर पूर्ण घाट खिडकीबाहेर बघत पुटपुटत होते, "हाई काय चालवनं शे. टाइम नई, बोर्ड नई."

धडगावचा बाजार होता त्या दिवशी. बोटीत मिठाच्या पिशव्या, तेलाचे डबे, कोंबड्या, माणसं. लाकडाची बोट, मधे इंजिन. मी आत पाय ठेवला तेव्हा बोट हलली आणि मी पोरगी घट्ट आवळली. एक म्हातारी बाई काठाला बसली होती, चांदीच्या कड्यांची, तिने काही न विचारता माझ्या काखेतून पोरगी घेतली आणि मला खाली बसवलं. पोरगी तिच्या मांडीवर झोपून गेली. कंट्रोलर मात्र उभे. पुढच्या टोकाला, पाय फाकवून, आणि चेहरा असा की त्यांना बघून मला भीती विसरायला झालं. पाणी हिरवं, काळं, आणि त्यातून डोंगरांचे शेंडे, झाडं असलेले, नुसता दगड असलेले. ते बोट करून मला दाखवत होते, ते बाली, ते लोंबोक. बोटवाला हसत होता. मी त्याला आईचं गाव विचारलं. त्याने इंजिनावरचा हात काढून पाण्याकडे नुसता फिरवला, म्हणजे इथेच कुठेतरी खाली.

बोटवाल्याशी ठरलं होतं की वाटेत एका शेंड्यावर थोडं थांबायचं, कंट्रोलर उतरणार, चढणार, म्हणजे चढउतर जमते का कळेल. बोट काळ्या खडकाला लागली. ते उतरले, पाय घसरला, सावरले. मला ताईचं आठवलं, हात सोडू नकोस. पोरगी झोपलेली, दोन मिनिटांचं काम, मी उतरून त्यांचा हात धरला. आम्ही चार पावलं वर चढलो. ते वाकले, खडकाला तळहात लावला. मग सरळ झाले, मागे वळून बघितलं. समोर गाडी उभी, भरलेली, माणसं बसलेली, इंजिन चालू. त्यांनी घड्याळ बघितलं. हात वर केला. आणि त्या आवाजात म्हणाले, "टाइम व्हयना. सोड गाडी."

बोटवाल्याने सोडली. तो तरी काय करणार. मोजणीवाले, पाणीवाले साहेब असेच शेंड्यावर उतरतात आणि संध्याकाळी परतीच्या बोटीला हात करतात. त्याला वाटलं साहेबांचा बेत बदलला, हेही तसेच थांबणार, आणि बाई त्यांच्यासोबतची. म्हातारीच्या मांडीवरचं लेकरू म्हातारीचंच असणार.

मी पाण्यातून वर आले तेव्हा कंट्रोलर म्हणाले, "काय व्हयनं? अशी काय करी ऱ्हायनी?"

"आबा, पोर बोटमा शे."

त्यांनी बोटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, जो वर केला होता.

"मीच सोडी दिन्ही?"

ते खाली बसले, खडकावर, एकदम, म्हातारा माणूस बसतो तसे. मी त्यांना कधी तसं बसताना बघितलं नव्हतं. फोन काढला, रेंज नव्हती. मला त्या वेळी वाटलं ह्याला पाण्यात ढकलावं. खरंच वाटलं. आणि त्याच वेळी वाटलं हा आता रडला तर मी काय करू, माझ्याजवळ दोन लेकरं नाहीत सांभाळायला.

पण ते रडले नाहीत. गळ्यातला रुमाल काढून माझ्या हातात दिला, पाय पूस म्हणाले. आणि बोलायला लागले, हळू, भोंग्याचा आवाज नव्हता तो.

"बठ. आयक. विसरवाडीले एक बाई चहा प्याले उतरनी आन गाडी गई, लेकरू सीटवर. मी पुढला स्टँडले फोन कया. लेकरू कंडक्टरना मांडीवर बठेल व्हतं, बिस्कुट खाई ऱ्हायंतं. दुसरानं लेकरू लीसन कोनी घर जात नई, बेटा. ती म्हातारी माय उतराले उठी ना, तवय तिना हातमा पोर ऱ्हाई. ती बोंब मारी."

"आन नई मारी तं?"

"तं आपुन मारू."

समोरच्या काठावर, बऱ्याच दूर, डोंगराच्या उतारावर एक माणूस शेळ्या घेऊन चालला होता. मला तो दिसलाच नव्हता, त्यांना दिसला. मी हाक मारली तर माझा आवाज पाण्यातच पडला. ते उभे राहिले, हात तोंडाला लावले आणि सुरू केलं, "नदीवरून पुढे जाणारी बोट परत फिरवण्यात यावी." शेळीवाला थांबला, बघितलं, आणि पुन्हा चालू लागला. त्याला काय कळणार ती भाषा.

तेव्हा मला सुचलं. आईच्या बोलीत चार शब्द सांगितले त्यांना, लेकरू, बोट, आई खडकावर, वळव. ते शब्द त्यांनी दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतले, उलटसुलट करून, आणि मग नाकातून, लांबवून, शब्द शब्द तोडून असे सोडले की समोरच्या डोंगरावरून ते परत आले. शब्द माझे, आवाज त्यांचा. शेळीवाला थांबला. त्याने कानाला हात लावला. कंट्रोलरनी पुन्हा म्हटलं. मग त्या माणसाने पलीकडे तोंड केलं आणि त्याने हाक दिली, तीच, आणि त्याच्या पलीकडून कोणीतरी दिली, ती आम्हाला नुसती बारीक ऐकू आली. आमच्या डोंगरात असंच असतं. कोणी मेलं, कोणाला साप चावला, तर माणूस धावत नाही, हाक धावते, ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर. आई सांगायची, मी ऐकलं कधी नव्हतं.

मग काही नाही. पाणी. कंट्रोलर उभेच, हात तोंडापासून खाली न आणता. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला कळत नव्हतं की हा माणूस विसरला का त्याची सवय आली. घरात त्यांच्याकडून कधी शेगडी चालू राहिली नाही, कधी कुलूप राहिलं नाही, माझ्या नवऱ्याचा परत यायचा दिवस मला चुकतो, त्यांना चुकत नाही. आणि इथे दोन माणसं खडकावर उभी आहेत, त्यातले एक आपण स्वतः, हे त्यांना दिसलं नाही.

आधी फटफट ऐकू आली. मग बोट.

म्हातारी पुढे उभी होती, माझी पोरगी काखेत, पोरगी जागी, पाण्याच्या शिंतोड्यांनी केस ओले, तोंडात गुळाचा खडा. म्हातारी आमच्या बोलीत मला शिव्या देत होती, बोट लागायच्या आधीपासून. लेकरू देऊन डोंगर बघायला उतरते का ग, तुझ्या आईने तुला असंच टाकलं होतं का. मी तर केव्हाची सांगतेय ह्याला वळव, तर हा म्हणे साहेबाची बाई आहे, संध्याकाळी घेऊ. ती हाक आली तेव्हा वळला मेला. बोटवाला मान खाली घालून इंजिन बघत होता. मग तिची नजर कंट्रोलरवर गेली. वरून खालून बघितलं आणि मला विचारलं, हाक ह्याने दिली? मी म्हटलं हो. आणि बोट? मी म्हटलं तीही ह्यानेच सोडली. तिने पोरगी माझ्याकडे दिली आणि जागा करून त्यांना आपल्याजवळ बसवलं, हात धरून.

परत येताना ते उभे राहिले नाहीत. एका शेंड्याकडेही बोट दाखवलं नाही.

रात्री परत जायला गाडी नव्हती, धडगावला माझ्या मावशीकडे थांबलो. संध्याकाळी तिथे रेंज आली आणि लगेच ताईचा फोन वाजला. कंट्रोलर अंगणात खाटेवर बसलेले. मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं ते काहीतरी म्हणतील, सांगू नको म्हणतील, निदान हात तरी जोडतील. ते म्हणाले, "तुले जे दखायनं ते सांग. रिपोर्टमा दया नई घालतस." आणि पाठ करून बसले.

मी सगळं सांगितलं. खडक, घड्याळ, हात वर केला ते, मी पाण्यात पडले ते, हाक, म्हातारी, गूळ. मधे मधे शब्द मागे पुढे होत होते, पण सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही बोटीत नाही आहात हेच ते विसरले."

"विसरले का सवय, मला नाही कळत, ताई."

"पोरगी बरी आहे ना ग?"

"बरी आहे. खेळून राहिली."

मग म्हणाली, "मी त्यांना डॉक्टरकडे नेईन. डॉक्टर काय ते सांगतील. पण डॉक्टर त्या खडकावर नव्हता, तू होतीस. तू सांग. जाऊ देऊ का? हो का नाही, एवढंच."

अंगणात ते बसलेले, पाठ माझ्याकडे. मान अशी किंचित वाकडी केलेली, कान माझ्याकडे यावा म्हणून. माझ्या मांडीवर पोरगी, तिला सर्दी भरत चाललेली, नाक वाजत होतं. मला वाटलं नाही म्हणावं. नाही म्हटलं तर कोणाचंच काही जात नाही. ते सारंगखेड्याला राहतील, झोक्यावर बसतील, मी भाकरी देईन, मरेपर्यंत देईन. मग वाटलं, तिथे गेले तर त्यांच्या हातात दुसऱ्याचं लेकरू नाही, दुसऱ्याची गाडी नाही. चुकले तर स्वतः चुकतील, आणि स्वतः चुकल्यावर पुढे काय करायचं हे ह्या माणसाइतकं कोणी पाठ केलेलं नाही. आणि मग पुन्हा वाटलं, तिथे त्यांची हाक पुढे देणारं कोण आहे.

मी म्हटलं, "जाऊ द्या, ताई."

डॉक्टरने बघितलं, वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाला, जपून राहा म्हणाला. ताईने तिकीट काढलं. ते गेले.

आता ते तिथे आहेत. संध्याकाळी फोन येतो, कधी दुसऱ्या सकाळी येतो. बालीत उतरले, लोंबोकला उतरले. एका डोंगराच्या पायथ्याशी एका बाईने तिथल्या गरम मातीत अंडी पुरून उकडली, ते त्यांनी मला इतक्या बारकाईने सांगितलं की माझी भाजी लागली. हात लावला का, मी विचारलं. म्हणे, "लावा. मंग काढा पटकन." आणि हसले. मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर मला जायचं होतं तिथे, त्याच क्षणी, अंडं बघायला, मला, जी तापीच्या पुलावर डोळे मिटते.

पण परवा सुंबावाहून बोलले तेव्हा म्हणाले, बोट चुकली, मुक्काम आहे, काळजी नको. त्यानंतर फोन नाही. काल नाही, आज अजून नाही. ताई मला फोन करते. ती एक शब्द वाकडा बोलत नाही, फक्त विचारते, तुला आला का ग. चाचा आता ओट्याशी थांबत नाहीत. नवरा ट्रकवरून बोलला, म्हणे, आपली पोरगी त्या पाण्यावरून परत आलीच नसती तरी तू हो म्हटलं असतंस का. ते येतील, मला वाटतं येतील, फोन उतरला असेल. त्या माणसाने माझं लेकरू पाण्यावर सोडून दिलं आणि त्यानेच हाक मारून परत आणलं, दोन्ही एकाच दुपारी, आणि संध्याकाळी ताईने मला विचारलं, ह्याला जाऊ द्यायचं का. तो पाठ करून बसलाय, काही मागत नाही. पोरगी तुमच्या मांडीवर आहे, तिचे केस अजून ओले आहेत. तुम्ही काय सांगितलं असतं?